लवणाची किंकाळी

वहिनी, आपलं भांडण मिटलं. कोण जिंकलं ते शेवटी सांगीन. ही तुझीच शिस्त. चेटकीण मरते का वाचते हे आधीच कळलं तर ऐकणारी बाई कानातली वायर काढते आणि भाकरी थापायला निघून जाते, असं तू म्हणायचीस. त्यात तिचं काही चुकत नाही, हेही वर म्हणायचीस.

तुला सगळं माहीत आहे. पण हे आणखी काही लोक वाचतील, म्हणून भांडणाचं मूळ सांगून टाकतो. आपण एक नाटक करत होतो. स्टेजवरचं नाही, नुसतं ऐकायचं, भागाभागानं मोबाइलवर टाकायचं. तू त्याला कानातलं नाटक म्हणायचीस. 'मिठाचा डोंगर' हे त्याचं नाव. चार वाटसरू मीठ आणायला समुद्र ओलांडून मिठाच्या डोंगरावर जातात, आणि त्या डोंगरावर लवणा नावाची चेटकीण राहते. त्यांच्यातला वाटाड्या भैरू, तो मी. लवणा तू. शेवटच्या भागात भैरूच्या हातून लवणा मरते असं मी लिहिलं होतं. तुझं बाकी सगळं बोलून झालं होतं, एक किंकाळी तेवढी राहिली होती. ती द्यायला तू साफ नकार दिलास. आणि मग तू खरोखरच गेलीस, किंकाळी न देता. आता मी भांडू कोणाशी?

तू लोधीखेड्याजवळच्या आमच्या गावात लग्न होऊन आलीस तेव्हा मी नववीतून शाळा सोडून घरी बसलो होतो. तू पांढुर्ण्याची, बाजारातल्या घरातली, बारावी झालेली. मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणालो, कारण मला रीत कळत नव्हती. तू मला 'भाऊजी, तुमी' म्हणालीस, कारण तुला कळत होती. पुढं तू त्या भाऊजीच्या आधी 'घाबरट' लावलंस आणि तेच नाव टिकलं. खोटं नव्हतं ते. मला मोटरचं बटण दाबायची भीती, पाव्हण्यांपुढं जायची भीती, फोन वाजला तर उचलायची भीती. शाळा का सोडली असं कोणी विचारलं की मी मागच्या दारानं गोठ्यात.

घरातले सगळे मला शाळेत परत पाठवायच्या मागं होते. तू त्यातलं काही बोलली नाहीस. फवारणीच्या औषधासोबत जो घड्या घातलेला कागद येतो तो माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "राजाच्या आवाजात वाचा."

मी विचारलं, "कोनत्या राजाच्या?"

"हरलेल्या."

मग मी ओट्यावर बसून हरलेल्या राजाच्या आवाजात वाचलं, की फवारताना हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस उभे राहू नये, डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये. अंगणात दादा पंप धूत होता. माझा मोठा भाऊ, तुझा नवरा, जो हसला तर शेजारी विचारायला यायचे काय झालं म्हणून, तो पंप खाली ठेवून हसला. शाळेत मोठ्यानं वाचायला उभं केलं की माझा आवाज घशात अडकायचा. त्या दिवशी तो गोठ्यापर्यंत गेला. मी पुढचे कितीतरी दिवस घरात आलेला प्रत्येक कागद वाचला. खताची पोती, लग्नाच्या पत्रिका, विजेचं बिल. विजेचं बिल तू प्रेमात पडलेल्या राजकुमाराच्या आवाजात मागितलं होतंस.

मग तुझ्या माहेराहून मोबाइल आला आणि त्या मोबाइलमधून लुटारू आले.

संत्र्याच्या दिवसांत अंगणात फळं निवडायला बसलो की वायरचं एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या. हवेत लटकणाऱ्या एका गावावर शिडी लावून चढणाऱ्या लुटारूंची गोष्ट होती. कोण्या मोठ्या कंपनीनं केलेली नव्हती. कुठल्याशा शहरातली काही मित्रमंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून घरातच ती करत होती. पण प्रत्येक पात्राला वेगळा माणूस, वेगळा आवाज, आणि मागं वारा, दोर, पक्षी, सगळं. चित्र एकही नाही, तरी मला त्या शिडीची कुठली पायरी मोडकी आहे तेसुद्धा दिसायचं. म्हातारी लुटारीण जेवून बोलायला बसली आहे का उपाशी, हे तुला तिच्या आवाजावरून कळायचं. निदान तू तसं छातीठोक सांगायचीस. शिडी करकरली की तू हातातलं संत्रं घट्ट धरायचीस. एकदा तर फोडलंस, आणि रस कोपरापर्यंत आला तरी पुसायला उठली नाहीस. कॅरेट भरायचं राहून जायचं. आई आतून ओरडायची की दोघं मुके का झाले.

भाग संपला की ती मंडळी सगळ्यांची नावं वाचायची. कोणी कोणाचा आवाज दिला, घोडा कोणी केला, वारा कोणी केला. मी कानातली वायर काढायला हात नेला की हातावर तुझी चापट.

"थांबा ना, नावं राहिली."

आरती अर्धी टाकून कोणी देवळातून उठतं का, असं तुझं म्हणणं होतं.

पुढं मी तिरुपूरला आलो, टीशर्टच्या कारखान्यात, कटिंगला. आपला कापूस शेवटी कुठं जातो ते पाहून ये, असं दादा म्हणाला होता. मी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तुला फोन केला की इथं मला कापूससुद्धा ओळखू येत नाही. भाषा कळत नव्हती. सुपरवायझर तमिळमध्ये काही बोलून हसला की मला वाटायचं माझ्यावरच. खोलीला कुलूप लावून निघालो की अर्ध्या रस्त्यातून परत, कुलूप ओढून पाहायला. मी म्हणालो, वहिनी, मी येतो परत. तू 'या' म्हणाली नाहीस आणि 'राहा'ही म्हणाली नाहीस. लुटारूंचा नवा भाग पाठवलास.

"आधी हे आयका, मंग सांगा शिडी कोनं कापली. मी सांगीन तं मजा जाईन."

मी ऐकला. माझ्या मते स्वयंपाक्यानं कापली. तुझ्या मते त्या म्हाताऱ्या लुटारणीनंच, काहीतरी मोठा डाव म्हणून. हे ठरेपर्यंत तरी थांबावं असं मी म्हटलं. नवा भाग यायचा पंधरवड्यानं. आणि त्या भागात ते काही ठरायचं नाही, उलट नवंच काही निघायचं. तर वहिनी, असा पंधरवडा पंधरवडा करून मी इथं इतकी वर्षं काढली आहेत. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू सगळ्यांना सांगत राहिलीस की आमचे भाऊजी हिमतीनं राहिले. मी शिडीसाठी राहिलो होतो.

शिडी स्वयंपाक्यानंच कापली होती. ते तू कधीच मानलं नाहीस.

त्या गोष्टीत शेवटी म्हातारी लुटारीण मेली. तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस, जणू मीच तिला ढकललं. मग ते नाटक करणाऱ्यांना तू आवाजी निरोप पाठवलास. तो तू मलाही ऐकवला होतास: "तुमी तिले काहून मारलं? ती नसती तं तुमचं एकबी पोट्टं शिडी चढलं नसतं." त्या भल्या माणसांनी माफी मागितली आणि लिहिलं की ताई, तुमचा आवाज इतका दणदणीत आहे, तुम्हीच का नाही करत एखादं नाटक. ते गमतीनं म्हणाले असतील. तू ते खरं धरलंस.

राजूभाऊ तुझ्या माहेरच्या गल्लीतला, पांढुर्ण्यात लग्नाकार्यांत साउंड लावणारा. तो मोटरसायकलवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला माइक घेऊन आला आणि प्रत्येक खोलीत टाळी वाजवून पाहून म्हणाला की ताई, इथं नाही जमत, घर घुमते. टिनाच्या खोलीत तर लवणा तेलाच्या पिंपातून बोलते आहे असं वाटायचं. वेचणीचे दिवस होते. मागची खोली कापसानं अर्धीअधिक भरली होती. तू कापूस दाबायला आत गेलीस आणि तिथूनच ओरडून विचारलंस की चहा घेता का. राजूभाऊ दारात थबकला. म्हणाला, पुन्हा ओरड. पुन्हा ओरडलीस. कापसानं सगळा घुमारा पिऊन टाकला होता. उरला होता नुसता तुझा आवाज, कानाशी बोलावं असा.

तेव्हापासून कापसाचा हंगाम तोच आपल्या नाटकाचा हंगाम. कापूस घरात आहे तोवर लवणा बोलणार. विकला की भिंती पुन्हा बोलायला लागणार आणि लवणा पुढच्या वेचणीपर्यंत गप्प. ऐकणारे विचारायचे, पुढचा भाग कधी? तू कळवायचीस, कापूस घरात आला की. त्यांना ते काय कळत असेल देव जाणे. दादाला मात्र हे मुळीच पटत नव्हतं. व्यापारी दारात आलेला असायचा, गाडी लावायची का विचारायचा, आणि तू आतून म्हणायचीस, "थांबा ना, समुद्र ओलांडाचा राहिला."

मी इकडे रविवारी कारखान्याच्या कापडाच्या गोदामात बसायचो. वॉचमनला मी काय सांगितलं होतं ते आता आठवत नाही, पण त्याला वाटायचं मी बायकोशी भांडतो. दोन्हीकडे टीशर्टच्या कापडाचे रोल, एक फोन कानाला, दुसरा रेकॉर्ड करायला तोंडासमोर. तिकडे तू कापसात, इकडे मी कापडात. तू कापसाच्या ढिगात बसून बसून एक खळगा केला होतास, तिथंच बसायचीस. लग्न झालेल्या बाईनं हात रिकामे करू नयेत, म्हणून बांगड्या काढायची नाहीस. कोपराकडे सरकवून वरून रुमाल बांधायचीस. रुमाल बांधला की लवणा आली. मला फोनवर ती गाठ ऐकू यायची नाही, पण तुझा श्वास बदललेला ऐकू यायचा.

आपल्यापैकी कोणी तेव्हा समुद्र पाहिला नव्हता. तू सुपात सरकी घेऊन हळूहळू डोलवलीस आणि समुद्र झाला. ताडपत्री झटकली की पंखवाला साप उडाला. त्याचा श्वास म्हणजे दादाचा फवारणीचा पंप. मिठावरची पावलं मात्र खऱ्या मिठावरचीच. मिठाला पाय लावतात का, म्हणून आई रागावली, तेव्हा तू जाडं मीठ परातीत घेऊन दोन बोटांनी चाललीस. चारही वाटसरू तुझ्या दोन बोटांनी मिठाचा डोंगर चढले आहेत.

आणि हिऱ्या. कापसाच्या खोलीला लागून गोठा. घरच्या माणसांना बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकूच येत नाही, कानाला तिची सवय झालेली. त्यामुळे भर समुद्रात, वादळ चालू असताना हिऱ्यानं मान हलवली हे तुला कळलं नाही, राजूभाऊला कळलं नाही, मलाही नाही. भाग गेला. मग कोण्या ऐकणाऱ्यानं विचारलं, समुद्रात बैल कुठून आला? मी राजूभाऊला फोन करून म्हटलं, भाग काढून टाक, लोक हसून राहिले. तू माझ्या हातून तो विषयच काढून घेतलास.

"काढाचं काय त्यात? समुद्री बैल असंन."

पुढच्या भागात लवणा समुद्री बैलावर बसून आली. त्यानंतर तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा बैलासाठी जास्त निरोप यायला लागले. कोणी विचारलं तो काय खातो. तू कळवलंस, सरकी.

शेवटी नावं वाचायची तूच. हे तू कोणाला देणार नव्हतीस. सगळ्यांची वाचायचीस, हिऱ्याचीसुद्धा, आणि स्वतःचं आलं की नुसतं 'मीच' म्हणायचीस. मी म्हटलं, अगं, लोकांना कसं कळणार मीच म्हणजे कोण. तू म्हणालीस, आवाजावरून कळते ना.

आता भांडणाचा रविवार. दिवाळी होऊन गेली होती, कापूस पुन्हा खोलीत आला होता. शेवटच्या भागातलं सगळं झालं. मी फोनवर म्हटलं, वहिनी, आता एक किंकाळी दे आणि सुटलीस. पलीकडे कापूस चुरचुरला. मला वाटलं तू खळग्यात नीट बसते आहेस.

"मी नाई मरत."

मी म्हटलं, तू नाही, लवणा मरते.

"लवणाच सांगून राहिली. काहून मरू मी? तिचं मीठ, तिचा डोंगर. तुमी चौघं समुद्र ओलांडून तिच्या घरी गेले. चोर तं तुमी आहा, भाऊजी."

मी समजावलं. गोष्टीला शेवट लागतो. चेटकीण वाचली तर लोक म्हणतील हे काय झालं, इतके भाग फुकट ऐकले. आणि भैरू घाबरट आहे, त्यानं शेवटी एकदा तरी हिंमत करायला नको का? तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस की हिंमत कराले मारावंच लागते काय. मी चिडलो. मी म्हटलं, वहिनी, हे मी लिहिलं आहे. तू म्हणालीस, "लिहा ना. मराचा आवाज कुठून आनता ते पाहू." आणि हसलीस, लवणासारखी नाही, तुझ्यासारखी. मी म्हटलं, पुढच्या रविवारी पाहू.

पुढच्या रविवारी तू नागपूरच्या दवाखान्यात होतीस, आणि त्याच्या पुढच्या रविवारी नव्हतीस. दवाखान्याचं मी लिहिणार नाही. त्या भागात तुझ्या तोंडी एकही वाक्य नव्हतं, आणि तू न बोललेला भाग तुला कधी आवडला नाही.

मी गावी आलो, तेरवी झाली. पाव्हणे गेले. सौंसरची बस धरायला जाणारे शेवटचे पाव्हणे फाटकाबाहेर पडले आणि घरात आई, दादा, मी आणि राजूभाऊ एवढेच उरलो. राजूभाऊ अंगणात बसला होता, लॅपटॉप मांडीवर बंद. म्हणाला, लोक विचारून राहिले शेवटचा भाग कधी. मग चाचरत म्हणाला की पांढुर्ण्यात एक बाई आहे, आवाज ताईच्या जवळपास जातो, एका किंकाळीपुरतं तिला विचारू का. नाटक लिहिलं मी, तेव्हा ठरवायचं मी. हो म्हणावं तर दुसऱ्या बाईच्या तोंडून तुला मारायचं. नाही म्हणावं तर तुझं नाटक अर्धवट सोडायचं, आणि अर्धवट सोडलेल्या भागात नावं वाचत नाहीत. मी त्या दिवशी उठून जामसांवलीला जाऊन आलो. मारुतीपुढं उभा राहिलो तर मागायचं काय तेच कळेना.

परत आलो तर दारात व्यापारी उभा. कापसाचं विचारत होता. मला वाटलं दादा आता खोली मोकळी करणार. त्याला त्या खोलीकडे पाहवत नव्हतं, मी पाहत होतो ना. दादा ओट्यावरून उठला नाही.

"माल नाई देत अजून," तो म्हणाला. "आवाज बाकी आहे."

व्यापाऱ्याला वाटलं दादाला भाव पटला नाही. तो गेला. वहिनी, तमाशा, पोरखेळ, कापूस पडून राहते, असं इतकी वर्षं कुरकुरणाऱ्या माणसानं हे म्हटलं. तू असतीस तर त्याला आयुष्यभर चिडवलं असतंस.

राजूभाऊला त्यानंच बळ आलं असावं. त्यानं सगळी जुनी रेकॉर्डिंग उघडली, चुकलेलीसुद्धा, जी आपण कधीच वापरली नाहीत. म्हणाला, भाऊ, दुसरी बाई नको, ताईचीच एक आरोळी सापडली, हीच किंकाळी म्हणून लावून देतो, आइक. त्यानं मोठा स्पीकर लावला. आम्ही सगळे मान खाली घालून बसलो, तुझा आवाज येणार म्हणून. आणि आला. काय आला तो. पितळेचं भांडं फरशीवर पडावं तसा सुरू झाला आणि वर वर चढत गेला.

दादानं मान वर केली.

"हे मरनं नोहे," तो म्हणाला. "हे तं ती वानराईले हाकलून राहिली."

मग आठवलं. संत्र्यांवर वानरं उतरली होती आणि तू बोलता बोलता लवणाला तिथंच सोडून, रुमाल बांधलेल्या हातानं वाडीकडे धावली होतीस. माइक चालूच होता. आईनं पदर तोंडाला लावला. मी धावलो तिच्याकडे, मला वाटलं रडते आहे. हसत होती, खांदे हलेपर्यंत. मग राजूभाऊ हसला, मग मी, आणि दादा तर भिंतीला टेकून डोळे पुसत राहिला. राजूभाऊ आजही सांगतो की स्पीकर लागल्याबरोबर चिंचेवरची वानरं खरोखर उठून पळाली. मी पाहिली नाहीत. पण मी तसंच सांगत असतो.

ती आरोळी आम्ही पुन्हा लावली, आणि पुन्हा. जितक्यांदा ऐकली तितकी मला खात्री पटत गेली की या आवाजात कोणी मरूच शकत नाही. आपल्या संत्र्यांपाशी उभी राहिलेली बाई होती ती. वानरांना काय वाटत असेल? त्यांनाही वाटत असेल आपण मोठ्या शोधावर निघालो आहोत.

दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या खोलीत गेलो. इतके हंगाम नाटक केलं आणि त्या खोलीत मी कधी बोललो नव्हतो, कारण मी नेहमी इकडे असायचो. तुझा खळगा तसाच होता. रुमाल खुंटीवर होता. मी खळग्यात बसलो नाही, शेजारी बसलो. कागदावर माझं वाक्य होतं, 'लवणा, तुझा अंत आला.' ते मी खोडलं आणि तिथं लिहिलं, 'पळा.'

राजूभाऊनं तुझी आरोळी कानात सोडली आणि मी पळालो, बसल्या जागी. धापा टाकायच्या, अडखळायचं, मागं वळून पाहायचं आणि पुन्हा पळायचं. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. राजूभाऊ म्हणाला, इतक्या भागांत आज पहिल्यांदा भैरू खरा वाटला. मग समुद्री बैल राहिला होता. दादा गोठ्यात गेला आणि त्यानं हिऱ्याला सोडून आणलं. त्याला खोलीच्या दारापासून अंगणातून, फाटकातून, वाडीच्या रस्त्यापर्यंत चालवत नेलं. राजूभाऊ माइक धरून दारात उभा. घंटी जवळून निघाली आणि लहान लहान होत गेली. दादा बैलासोबत बराच पुढं गेला. थांब म्हणायला कोणाला सुचलं नाही.

मी तिरुपूरला परत आलो, तिकडे कापूस गेला आणि खोली पुन्हा घुमायला लागली असं आई फोनवर म्हणाली. रविवारी भाग गेला. मी गोदामात जाऊन बसलो, रोलांच्या मधे, जणू मलाच बोलायचं आहे. लवणा गरजली. चार वाटसरू मीठ टाकून पळाले, भैरू सगळ्यांच्या पुढं. घंटी समुद्रावरून दूर गेली, सरकी डोलत राहिली, मग तीही थांबली. तू जिंकलीस, वहिनी. तशी तू जिंकूनच गेली होतीस, मला कळायला तेरवी झाली.

आता नावं. राजूभाऊनं विचारलं होतं की कोण वाचणार, ताईच्या नावाआधी काही लावायचं का. मी म्हटलं, माणसं तीच, बैल तोच, मागच्याच भागातली नावं लाव. वॉचमन दारात येऊन खुणेनं विचारत होता, झालं का. मी हातानं थांब म्हटलं. नावं राहिली होती.

तू वाचलीस. वारा आनि बाकीचे तिघं वाटसरू, राजूभाऊ. समुद्री बैल, आमचा हिऱ्या. वाटाड्या भैरू, आमचे घाबरट भाऊजी. मग थोडं थांबलीस, नेहमीसारखी, हसू दाबायला.

आनि लवणा, मीच.